नमुन्याची पाटी

१२ जून

खडू,

तू वारला आहेस असं तुला कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नकोस. ती माझी चूक आहे. काल दुपारी मला ती कळली आणि तेव्हापासून माझं कशात म्हणजे कशात लक्ष नाही. सकाळी चहात मीठ घातलं आणि अर्धा कप प्यायल्यावर कळलं.

एवढ्या वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. राग गेलेला नाही. पण माणसाला तो मेल्याचं निदान घरच्यांनी तरी कळवावं, म्हणून लिहिते.

झालं असं. कोपऱ्यावर एक नवं दुकान निघालंय. तिथला मुलगा कॉम्प्युटरवर नाव टाकतो, मशीन घुर्रर्र करतं आणि गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत पाटी तयार. तू ज्या मशीनसाठी बाबांशी भांडलास, तेच. माझ्याकडे येणारे आता दोनच प्रकारचे. एक म्हातारे, ज्यांना छिन्नीचं अक्षरच हवं असतं, आणि दुसरे पत्ता विचारायला येणारे. मागच्या महिन्यात एक बाई आली, दगडावर हात फिरवून म्हणाली, "किती सुंदर काम आहे. तुमची वेबसाइट काय?" मी म्हटलं, हे काय, तुम्ही उभ्या आहात तीच. ती हसली आणि निघून गेली, ती परत आली नाही.

मग मी वाचनालयातल्या वर्गात नाव घातलं. 'स्वतःची वेबसाइट: अगदी पहिल्यापासून.' शिकवणारी ग्रंथपाल माझ्यापेक्षा निम्म्या वयाची, मला काकू म्हणते आणि माझा माउस स्वतःच्या हातात घ्यायचा मोह आवरते, एवढ्यासाठी मला ती आवडते. वर्गात मी आणि एक केकवाली. केकवालीने पहिल्याच दिवशी सगळं केलं. मी पहिल्या दिवशी पासवर्ड केला आणि दुसऱ्या दिवशी तो विसरले.

पण खरं सांगू, मला ते आवडायला लागलं. ग्रंथपाल म्हणाली, आधी जागा घ्यायची आणि मग जागेला नाव. नाव म्हणजे दारावरची पाटी. मी म्हटलं, एवढंच ना, जन्मभर तेच केलंय. दुसऱ्यांच्या दारांना पाट्या करता करता आपल्या दुकानाला पाटी नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबा म्हणायचे, आपल्या हातोडीचा आवाजच पाटी आहे. आता तो आवाज कोपऱ्यावरच्या मशीनमध्ये बुडतो. मग दुकानाचं नाव मोकळं आहे का ते बघितलं. होतं. ते घेतलं तेव्हा मला उगाचच वाटलं, बाबांना सांगावं.

पुढे तयार साचा निवडायचा. माझ्या साच्यात एक गोरटेला हसरा माणूस होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, 'येथे आपल्या संस्थापकांविषयी दोन ओळी लिहा.' तो आठवडाभर आपला संस्थापक होता. त्याच्यावर मोठ्या अक्षरात 'येथे आपले बोधवाक्य.' शेजारचे चष्मेवाले म्हणाले, "बोधवाक्य साधं आहे, पण लक्षात राहतं." त्यांच्याच दुकानातला चष्मा लावून वाचलं होतं त्यांनी.

मग आलं 'आमचं काम' हे पान. तिथे नमुने दाखवायचे. दाराची पाटी, काचेवरचं नाव, पितळी पाटी, स्मृतिशिला. ग्रंथपाल म्हणाली, गिऱ्हाइकांच्या पाट्यांचे फोटो टाका. मी तिला सांगितलं, आमच्याकडे ते चालत नाही. बाहेरच्याचं नाव त्याने सांगितल्याशिवाय दगडावर कोरायचं नाही आणि भिंतीवर मिरवायचं तर नाहीच, हा बाबांचा नियम. नमुना म्हणजे घरचं नाव. म्हणून दाराच्या पाटीवर मी, पितळेवर आई, आणि स्मृतिशिलेवर बाबा स्वतः. तिला हे विचित्र वाटलं. "जिवंतपणी स्वतःची स्मृतिशिला?" मी म्हटलं, रंग भरलेला नसायचा ना. नुसती कोरलेली अक्षरं, पांढऱ्यावर पांढरी, आणि शेवटच्या तारखेची जागा मोकळी. बाबा गिऱ्हाइकाला म्हणायचे, रंग भरेपर्यंत मी इथेच बसलोय, बोला. गिऱ्हाईक रडत आलेलं असलं तरी हसायचं.

ती पाटी आता नमुना राहिलेली नाही. चार वर्षं होतील. तारीख मी कोरली, रंगही मीच भरला. तुला कळवलं होतं. तू आला नाहीस. त्यावर जास्त लिहायचं नाही असं ठरवून बसलेय, तर नाही लिहीत.

तर स्मृतिशिलेसाठी घरचं दुसरं नाव हवं होतं. घरात उरलं होतं कोण? आई आधीच पितळेवर, मी आधीच दारावर. मग तुझं कोरलं. पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि गिऱ्हाइकाला नमुना पुरा दिसायला हवा म्हणून शेवटची तारीखही. तू घर सोडून गेलास, ती तारीख. खोटं कशाला बोलू, कोरताना बरं वाटलं. बाबांच्या पाटीशेजारी खिळा ठोकून लावली, खिडकीचा उजेड आडवा पडल्यावर दोन्हींचा एकत्र फोटो काढला आणि चढवला. फोटोखाली एक चौकट होती, 'चित्राचं वर्णन लिहा.' ग्रंथपाल म्हणाली, ज्यांना दिसत नाही त्यांना फोन हे वाचून दाखवतो, म्हणून नीट लिहा. मी नीट लिहिलं. तुझं नाव, दोन्ही तारखा. नमुना आहे असं लिहायचं मला सुचलंच नाही. आपल्या भिंतीवर नमुन्याशिवाय काय असणार? आणि मला वाटलं होतं, दुकानाची भिंत दुकानात आलेल्यालाच दिसते.

काल दुपारी 'संपर्क' मधून पहिला निरोप आला. मी आनंदाने उघडला, गिऱ्हाईक आलं म्हणून. त्यात लिहिलं होतं:

'तुमच्या भावाच्या पाटीविषयी वाचून आम्ही सगळे हळहळलो. फार गुणी माणूस. पण तारखेत काहीतरी चूक असावी. त्या तारखेनंतर तो कितीतरी वर्षं आमच्या कारखान्यात काचेवर नक्षी कोरत होता. नक्की कधी गेला ते कळवावं. — मुकादम.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तू छापखान्यात होतास ना? काचेचा कारखाना कुठून आला? ग्रंथपालला दाखवलं तर ती म्हणाली, "काकू, ही भिंत सगळ्या रस्त्यांवर आहे. कुणी कुठेही नाव टाकून शोधलं की दिसते."

मी मुकादमांना लगेच कळवलंय की तू जिवंत आहेस. लिहिताना वाटलं, हे मी कशावरून म्हणतेय?

छापखान्यामागच्या त्या खोलीचाच पत्ता माझ्याकडे आहे, तिथेच हे पाठवते. मिळालं की एका ओळीचं उत्तर टाक. शिव्या दिल्यास तरी चालतील.

ताई


२० जून

खडू,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर शिक्का, 'या पत्त्यावर राहत नाही.' न उघडलेलं. आणि देवाशपथ सांगते, ते परत आलं याचा मला आनंद झाला. का ते सांगते. आधी बसते जरा.

मुकादमांनी त्यांचा नंबर पाठवला होता. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन लावला. आवाज भारदस्त, पण बोलायला मोकळा माणूस. तू जिवंत असावास हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. माझ्या फोनवर फोटो उघडलाच नाही, नुसतं खालचं वर्णन वाचलं. तुमच्या वडिलांच्या भिंतीवरच्या पाटीची गोष्ट त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितलीय. रंग न भरलेली पाटी. जेवायला बसलो की तीच गोष्ट. कसे आहेत वडील?"

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

ते म्हणाले, "हॅलो? तो नेहमी म्हणायचा, मुकादम, थोडं स्वतःचं काही उभं करतो, छोटं मशीन घेतो, आणि बाबांसमोर जाऊन उभा राहतो. त्यांच्या पाटीत रंग भरायच्या आत घरी जायचंय मला. असंच म्हणायचा."

"कधी म्हणायचा?" मी विचारलं.

"अगदी परवापरवापर्यंत. मागच्या हिवाळ्यात त्याने काम सोडलं, तोवर."

खडू, बाबा जाऊन चार वर्षं झाली. मी खुर्चीवर बसले होते की उभी होते ते मला आठवत नाही. मी विचारलं, छापखान्यामागची खोली त्याने कधी सोडली? ते म्हणाले, आमच्याकडे लागला त्याच वर्षी, कारखान्याच्याच आवारात राहायचा. म्हणजे बाबांची बातमी मी ज्या पत्त्यावर पाठवली, तिथे तू नव्हतासच. ते पत्र परत आलं नव्हतं, म्हणून तुला मिळालं असं मी धरून बसले. तू आला नाहीस असं नाही. तुला माहीतच नाही.

चार वर्षं मी तुझ्यावर दात ओठ खात होते. लोकांना सांगत होते, एकुलता एक भाऊ, बापाला बघायला आला नाही. चष्मेवाले तुझं नाव काढत नाहीत माझ्यासमोर. आणि तू तिकडे जेवताना बाबांच्या गोष्टी सांगत होतास, ते खुर्चीत बसलेत असं समजून.

मुकादमांना मी बाबांचं सांगितलं. मग म्हणाले, "हे त्याला असं कुणाकडून कळायला नको." मी म्हटलं, मलाही तेच वाटतंय. पत्र परत आलं याचा आनंद म्हणूनच, त्यात बाबांचं लिहिलं होतं. पण तू आहेस कुठे, ते त्यांनाही माहीत नाही. काच तासताना तुझ्या डोळ्यांत सारखे कण जायचे, चष्मा लाव म्हटलं तर ऐकायचा नाहीस, मागच्या हिवाळ्यात दिसायला फार कमी झालं आणि उपचार करून येतो म्हणून मोठ्या शहरात गेलास. तुझा फोन लागत नाही. ते चौकशी करणार आहेत.

फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांची पाटी. ती वेबसाइटवर आहे. तुझ्या पाटीशेजारी. रंग भरलेली.

तुझं नाव टाकून कुणीही शोधलं तर तुझ्या पाटीबरोबर तीही समोर येते. तू स्वतः शोधलंस तर? मी उठून तशीच कॉम्प्युटरपुढे बसले. दुकानाबाहेर एक गिऱ्हाईक दार वाजवत होतं, ते वाजवू दिलं.

आता माझी भंबेरी ऐक. आधी वाटलं, सगळी वेबसाइटच बंद करावी. मग वाटलं, मुकादम सापडले ते तिच्यामुळेच. तुझी ती खोटी पाटी आहे म्हणून तुला ओळखणारं कुणीतरी माझ्याशी बोललं. ती काढली तर तुझ्यापर्यंतची एकुलती एक वाट मीच बंद करणार. तुझी ठेवायची आणि बाबांची काढायची, असं ठरवलं. पण दोन्ही एकाच फोटोत. मग फोटो अर्धा कापायचा. ते आम्हाला शिकवलेलं नाही. मी एक बटण दाबलं तर मथळा गेला. दुसरं दाबलं तर दुकानाचा पत्ता आणि दाराच्या पाट्या गेल्या. घाबरून 'मागे जा' दाबलं तर 'बदल प्रकाशित झाले' असं वर झळकलं. शेवटी पानावर राहिलं काय, तर तोच एक फोटो, त्याखालचं वर्णन, आणि 'आम्हाला लिहा' ची चौकट. जे काढायचं होतं तेवढंच उरलं.

वाचनालयात धावत गेले. ग्रंथपाल आठवडाभर सुट्टीवर. केकवालीला फोन केला, ती म्हणाली, "काकू, थांबा, काही करू नका, कशालाही हात लावू नका." मी हात लावत नाहीये. हात मांडीवर ठेवून बसलेय.

आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुझी पाटी कोरताना बरं वाटलं. ते खरं आहे. जे लिहिलं नाही ते हे, की कोरून झाल्यावर मी रंगाची वाटी घेतली होती. गिऱ्हाइकाला नमुना पुरा दिसायला हवा, असं मनाशी म्हणत. ब्रश बुडवला. आणि हात पुढे गेला नाही. रंग भरायचं काम तुझं होतं म्हणून असेल. लहानपणी तू जीभ बाहेर काढून एकेक अक्षर भरायचास, बाहेर गेलेला थेंब सुकायच्या आत बोटाने पुसायचास, आणि अंगभर दगडाची पांढरी भुकटी, म्हणून तर बाबांनी तुला खडू म्हणायला सुरुवात केली. मी वाटी तशीच झाकून ठेवली. तुझी पाटी पांढऱ्यावर पांढरीच आहे.

पण हे कुणाला कळणार? जग वाचतं ते खालचं वर्णन. त्यात मी रंगाचं काहीच लिहिलेलं नाही.

पत्ता नसलेलं पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. कुठे टाकू?

ताई


२३ जून

खडू,

आज आणखी एक निरोप आला. मी उघडायलाच घाबरत होते. 'तुमचे भाऊ आमच्या वॉर्डात आहेत. कृपया फोन करा.' खाली नेत्र रुग्णालयाचं नाव आणि नंबर.

आहेत. होते नाही, आहेत. तो एक शब्द मी किती वेळा वाचला ते सांगत नाही.

परिचारिकेचा आवाज थकलेला होता. तिला वाटलं मी ओरडणार, म्हणून ती आधीच माफी मागत होती. मी म्हटलं, बाई, माफी मी मागायची आहे, मी जिवंत माणसाची पाटी लावलीय. तिने सगळं सांगितलं. तुझंच तुला सांगावं म्हणून लिहीत नाही, पण तिने जे पाहिलं ते मला कुठेतरी उतरवायलाच हवं, नाहीतर माझं डोकं फुटेल.

उद्या तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन. जवळचं माणूस कोण, असं विचारल्यावर तू म्हणालास, कुणी नाही. तिला ते पटलं नाही. तिने आपल्या फोनवर तुझं नाव शोधलं आणि पाटी सापडली. ती म्हणाली, "मी इतकी दचकले. तुमच्या भावाला आत्ताच गोळी देऊन आले होते, आणि इथे त्यांच्या मृत्यूची तारीख." ती फोन घेऊन तुझ्या खाटेपाशी आली. तुला आता जवळजवळ काहीच दिसत नाही म्हणे. तिने चाचरत सांगितलं, काका, तुमच्या नावाची स्मृतिशिला आहे इथे.

तू विचारलंस, "रंग भरलाय का?"

तिला कळेना. तू म्हणालास, "अक्षरांत काळा रंग भरलाय की नुसती कोरलीयत, ते बघ." तिने फोटो मोठा केला आणि म्हणाली, नुसती कोरलीयत, पांढऱ्यावर पांढरी, उजेडामुळे सावली दिसते एवढंच. तू हसायला लागलास. ती म्हणाली, इथे आल्यापासून पहिल्यांदा. "म्हणजे ताईचं काम," म्हणालास. "रागावलीय, पण मारलं नाहीये मला. भिंत अजून तशीच आहे. बाबांना सांगायला हवं, नमुन्यावर तुमची जागा गेली म्हणून."

आणि मग त्या बिचारीने, तिची काही चूक नाही, म्हटलं, "शेजारी अजून एक पाटी आहे."

तू विचारलंस कोणाची. तिने नाव वाचलं. तू म्हणालास, "हं, ती जुनीच. ती तिथेच असते." मग तू उठून बसलास, आणि विचारलंस, "त्यात रंग भरलाय का?"

ती मला म्हणाली, "मी हो म्हटलं, ताई. काळा आहे म्हटलं. मला काय माहीत."

तू म्हणालास, नीट बघ, सावली असेल. तिने नीट बघितलं. तू म्हणालास, फोन तिरका धरून बघ. तिने तिरका धरला. मग तू तारीख विचारलीस. तिने वाचली. मग तू उशीवर डोकं ठेवून भिंतीकडे वळलास, आणि डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असूनही तिने तुला थांबवलं नाही. मी त्या बाईची जन्माची ऋणी आहे.

खडू, मी ते तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून मांडीवर हात ठेवून बसले होते. आणि ते पोचलं तुझ्यापर्यंत, आपल्या घरच्याच खुणेने. एका परक्या बाईच्या तोंडून, फोन तिरका धरून. फोन ठेवल्यावर मी भिंतीसमोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही पाट्यांकडे नुसती बघत राहिले. चष्मेवाले आत आले, माझा चेहरा बघून काही न विचारता पाणी दिलं. मी त्यांना म्हटलं, त्याला माहीत नव्हतं. ते खालीच बसले.

अर्ध्या तासाने परिचारिकेचाच पुन्हा फोन आला. म्हणाली, तुमचे भाऊ एकच प्रश्न विचारतायत, तेवढं सांगा म्हणजे झोपतील. 'बाबांचा रंग कोणी भरला?'

मी म्हटलं, मी. त्याला सांगा, मी भरला. तिने तुला सांगितलं असेल. बाकीचं फोनवर बोलता आलं नाही, ते इथे लिहिते. हात थरथरत होता आणि शेवटच्या अक्षराशी रंग कडेच्या बाहेर गेला. तो सुकायच्या आत पुसायला हवा होता. मी पुसला नाही. तुझं काम आहे, तू पुसशील, असं म्हणत बसले, आणि तो सुकला. अजून आहे तिथे. गिऱ्हाइकांना दिसत नाही, मला रोज दिसतो. तुझ्यावरचा सगळा राग त्या एका डागात होता असं समज. आता तो तासून काढावा लागेल आणि ते तुझ्याइतकं हलक्या हाताने कुणाला जमत नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीने निघते. ऑपरेशनला पोचणार नाही, शुद्धीवर येशील तेव्हा असेन. परत आलेलं पहिलं पत्र, बिनपत्त्याचं दुसरं आणि हे, तिन्ही एका पाकिटात घालून आणतेय. परिचारिका वाचून दाखवेल म्हणाली. पहिल्यातलं थोडं गाळायला सांगेन.

डॉक्टर म्हणतात एका डोळ्याची आशा आहे, दुसऱ्याची सांगता येत नाही. एकाही डोळ्याने दिसलं नाही तरी ऐक. बाबा शेवटी शेवटी डोळे मिटूनच रंग भरायचे, करंगळी अक्षराच्या कडेला टेकवून. तुझ्याच हाताला त्यांनी ते पहिल्यांदा शिकवलं, मला नाही. मशीन घ्यायचं असेल तर घेऊ. मी अक्षरं कोरेन, मशीन घुर्रर्र करील, रंग तू भर. बाबा रागावतील तर रागावू देत, आता त्यांना उठून येता येत नाही.

वेबसाइट सगळ्यांसमोर उघडी पडलीय, म्हणून निघण्याआधी तीही सावरली. केकवाली स्वतः येऊन बसली. मथळा आणला, पत्ता आणला, दारांच्या पाट्या परत आणल्या. फोटो कापू का म्हणाली, मी म्हटलं, नको, ज्याच्यापासून लपवायचा होता त्याने पाहिला. फक्त खालचं वर्णन मी स्वतः बदललं, माझ्या दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. आणि शेजारी एक नवा फोटो चढवला, आज दुपारी कोरलेल्या पाटीचा. तुझी पाटी एकटी नमुना म्हणून टांगलेली मला बघवेना. घरात माझंही नाव आहेच की.

डोळ्यांची पट्टी निघेपर्यंत तुझा फोन तुला ही वर्णनं वाचून दाखवेल, म्हणून नीट लिहिलीयत. ती अशी:

'डावीकडे बाबांची स्मृतिशिला. काळा रंग भरलेला आहे. शेवटच्या अक्षराशी एक डाग, तो राहू दिला आहे.

मधे भावाची स्मृतिशिला. नमुना. तारीख चुकीची आहे, ती रागात कोरली होती, बुजवून मिळेल. रंग भरलेला नाही.

उजवीकडे ताईची स्मृतिशिला. नमुना. शेवटच्या तारखेची जागा मोकळी. रंग भरलेला नाही. रंग भरणारा घरी यायचा आहे. घाई नाही.'

ताई